व्याह्यांचा जॅक

लिफ्टवर चढवलेल्या गाडीची चाकं काढता येणार नाहीत, हे चष्मेवाल्यांच्या बायकोच्या लक्षात यायला अर्धा कप चहा पुरला. चष्मेवाल्यांच्या स्वतःच्या लक्षात ते वर्षभराच्या अभ्यासातही आलं नव्हतं.

अभ्यास मात्र दांडगा होता. चष्म्यांचं दुकान भागीदाराच्या हवाली करून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी दोन दारांची गाडी घेतली आणि तिची सगळी दुरुस्ती आपण आपल्या हातांनी करणार, असं जाहीर केलं. त्या हातांना आयुष्यभर चष्म्याच्या दांडीतल्या स्क्रूची सवय. पण माणसाने एकदा जाहीर केलं की केलं. त्यांनी जाडजूड पुस्तकं आणली, रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले, आणि शेवटी घरच्या गॅरेजमध्ये चार खांबांची लिफ्ट बसवून घेतली. दोन लांब पोलादी फळ्या, चार कोपऱ्यांना चार खांब. गाडी फळ्यांवर चालवत न्यायची, बटण दाबायचं, की फळ्यांसकट गाडी वर.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, गाडी झोकात वर गेली आणि चष्मेवाले कमरेवर हात ठेवून खाली उभे राहिले. बायको चहाचा कप घेऊन दारात आली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "आता चाकं कशी काढणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी अजून चाकांवरच उभी आहे ना. आधी जमिनीवर उभी होती, आता छताजवळ उभी आहे. तुम्हाला तर आधी ब्रेक बघायचे होते."

ब्रेक चाकांच्या मागे असतात. चाकं फळ्यांवर टेकलेली. चष्मेवाल्यांनी एकदा चाकांकडे पाहिलं, एकदा फळ्यांकडे पाहिलं, मग "त्याची काहीतरी सोय असतेच" असं म्हणून लिफ्ट विकणाऱ्याला फोन लावला.

"त्यासाठी ब्रिज जॅक लागतो, साहेब," विक्रेता म्हणाला.

"तो लिफ्टबरोबर येत नाही?"

"लिफ्टबरोबर लिफ्ट येते."

मग त्याने समजावून सांगितलं. हा जॅक दोन फळ्यांच्या मधे पुलासारखा बसतो. दोन्हीकडचे त्याचे हात फळ्यांच्या आतल्या कडेवर टेकतात, त्यांना चाकं असतात, त्यामुळे तो गाडीखाली पुढेमागे सरकतो. हवा तिथे न्यायचा, पंप मारायचा, गाडीची पुढची किंवा मागची बाजू उचलली जाते आणि चाकं मोकळी होतात.

"मग द्या पाठवून एक."

"कोणता देऊ? दोन फळ्यांमधलं अंतर किती? आतल्या बाजूला जॅक टेकायला कड आहे ती किती रुंद? गाडीच्या जड बाजूचं वजन काय? पंप हाताने मारणार की हवेवर चालवणार? निदान लिफ्टचं मॉडेल तरी सांगा. खांबावर पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय."

पट्टी होती. पण कंपनीने दिलेला रंग डोळ्यांना टोचतो म्हणून लिफ्ट आल्या आल्या चष्मेवाल्यांनी तिला निळ्या रंगाचे दोन थर दिले होते, आणि काम मन लावून केल्यामुळे पट्टीही सुटली नव्हती.

"मोजून कळवतो," ते म्हणाले.

आता ज्या माणसाने उभं आयुष्य लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर केसाच्या जाडीइतकंही न चुकवता मोजलं, त्याला दोन फळ्यांमधलं अंतर मोजायला किती वेळ लागावा? पण मोजलं असतं तर प्रश्न सुटला असता आणि अभ्यास संपला असता. चष्मेवाल्यांनी मोजलं नाही. ते ब्रिज जॅक या विषयावर वाचायला बसले. जगात या विषयावर भांडणारी माणसं किती आहेत हे पाहून त्यांना मोठं बरं वाटलं. गाडी वरच राहिली. बायको तिच्याखाली कपडे वाळत घालू लागली.

त्यात व्याही जेवायला आले.

व्याही म्हणजे चष्मेवाल्यांच्या लेकीचे सासरे. बोटीवर इंजिनियर होते. तिथल्या इंजिनात माणूस शिडी लावून उतरतो, त्यामुळे जमिनीवरची सगळी यंत्रं त्यांना खेळण्यातली वाटत. कुठल्याही बिघाडावर त्यांचं एकच उत्तर सुरू होई ते "बोटीवर आम्ही काय करायचो" इथून. चष्मेवाल्यांचा आणि त्यांचा संबंध अतिशय उत्तम होता, म्हणजे मुलांचं लग्न ठरल्यापासून दोघांनी एकमेकांना एकदाही खरं सांगितलं नव्हतं. एकाने म्हणावं, हवा छान आहे. दुसऱ्याने घाम पुसत म्हणावं, अगदी. दोघांच्या बायका मात्र पहिल्या महिन्यातच एकमेकींना अगं-तुगं करायला लागल्या होत्या. त्यांना हे दोघे बोलताना ऐकणं म्हणजे करमणूक होती.

"जॅक पाहिजे म्हणता?" व्याही ताटावरून म्हणाले. "बघू, काय करता येतं."

चष्मेवाले "छे छे, तुम्ही कशाला" म्हणाले. व्याही "अहो त्यात काय" म्हणाले. त्यानंतर दोनच आठवड्यांत एक टेम्पो दारात उभा राहिला आणि दोन हमालांनी एक लाकडी खोकं उतरवलं. खोक्याला लाल फीत बांधलेली होती. फितीखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: युनिव्हर्सल ब्रिज जॅक. सर्व लिफ्टसाठी.

चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. सगळ्यांना बसणारी वस्तू म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘सर्व नाकांना बसणारी’ फ्रेम त्यांनी दुकानात हयातभर विकली होती.

त्या दुपारी त्यांनी टेप काढला. लिफ्ट रुंद होती. जॅकचे हात दोन्हीकडे होते नव्हते तेवढे बाहेर ओढले, तेव्हा त्यांची चाकं कडेवर कशीबशी टेकली, नखाएवढी. खोलीच्या दारात नको असलेला पाहुणा एक पाऊल ठेवून उभा राहतो, तशी.

संध्याकाळी फोन आला. "कसा वाटला?"

"मजबूत आहे," चष्मेवाले म्हणाले. हे खरं होतं.

"बसला ना?"

"शोभून दिसतो हो अगदी."

बायको पलीकडे टॉवेलच्या घड्या करत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "शोभून दिसतो? नवरामुलगा आहे का तो? सांगून टाका ना बसत नाही म्हणून."

"व्याही आहेत ते. असं कसं सांगायचं? आपली लेक त्यांच्या घरी दिलीय."

"लेक कुणाच्याच घरी नाही. ती आणि जावई स्वतःच्या घरात राहतात आणि दोघांनाही ब्रिज जॅक म्हणजे काय हे माहीत नाही. त्यांच्या संसारात तुमच्या जॅकमुळे काय खड्डा पडणार आहे?"

पुढच्या फोनला चष्मेवाल्यांनी पाठ धरल्याचं सांगितलं, त्याच्या पुढच्याला गॅरेजमधला दिवा गेल्याचं. त्यानंतर गाडीचा एक भाग यायचाय म्हणाले. तो भाग येतच राहिला. शेवटी व्याह्यांचा धीर सुटला आणि एका रविवारी सकाळी ते विहीणबाईंना घेऊन स्वतःच आले. अंगावर जुना बोटीवरचा डगला होता, म्हणजे भेट कामाची होती.

"चला," ते म्हणाले. "आपण दोघं मिळून लावू."

जॅक कडेवर चढवला. हात ताणून चाकं टेकवली. व्याह्यांनी वाकून एका कडेची चाकं पाहिली, मग दुसऱ्या कडेची. चष्मेवाल्यांना आशा वाटली, आता हे स्वतःच म्हणतील. व्याही म्हणाले, "बसलाय की."

"बसलाय," चष्मेवाले म्हणाले.

"जरा कडेला वाटतो."

"जरा."

"बोटीवर आम्ही यापेक्षा कमी टेकूवर इंजिन तोललेलं आहे."

तेवढ्यात चष्मेवाल्यांना बुद्धी झाली. निदान त्या वेळी त्यांना ती बुद्धी वाटली. "पहिली चाचणी माझ्या गाडीवर नको," ते म्हणाले. "तिचा रंग ताजा आहे. हिची रोजची गाडी घेऊ."

"रोजची आहे म्हणून तर ती मला लागते," बायको म्हणाली. ती साठीच्या पुढच्या लोकांना पोहायला शिकवायची आणि दुपारी तिचा वर्ग होता.

"त्याच्या आत उतरवून देतो."

बायकोने किल्ली नवऱ्याच्या हातात न देता शेजारच्या खोक्यावर ठेवली. देण्याचा आरोप उद्या आपल्यावर नको, असं काहीसं.

जुनी गाडी मागे अंगणात नेली, रोजची फळ्यांवर घेतली, किल्ली परत खोक्यावर ठेवली, गाडी छातीच्या उंचीपर्यंत वर नेली आणि लिफ्टचे अडसर लावले. व्याह्यांनी जॅक गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवला, बाजूला उभे राहिले आणि लांब दांड्याने पंप मारायला लागले. गाडीचं नाक हळूहळू उचललं. दोन्ही चाकं फळ्यांवरून बोटभर सुटली. चष्मेवाल्यांनी खाली वाकून त्या फटीतून पलीकडचा उजेड पाहिला, आणि खोटं कशाला, त्यांचा ऊर भरून आला.

"अजून चार दणके," व्याही म्हणाले.

तिसऱ्या दणक्याला जॅकचा डावा हात कडेवरून निसटला. आवाज असा झाला की आत विहीणबाईंच्या हातातला चमचा पडला. गाडी धपकन आपल्या चाकांवर परत बसली, जॅकचं एक टोक खाली लोंबलं, दुसरं वर गाडीच्या पोटाशी जाऊन अडकलं, आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं. दोघेही बाजूला होते म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण चष्मेवाले मागे सरकत गेले ते थेट खोक्यावर जाऊन बसले, बायकोच्या किल्लीवरच.

बायका धावत आल्या.

"कुणाला लागलं?" बायकोने विचारलं.

"नाही."

"गाडी खाली येईल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिफ्ट खाली घेतली तर लोंबणारं टोक आधी जमिनीला टेकणार आणि वरचं टोक गाडीच्या पोटात घुसणार, हे न बोलता दोघांनाही कळलं होतं.

"येईल," चष्मेवाले म्हणाले. "विचारपूर्वक."

बायकोने व्याह्यांपुढे हात पसरला. "तुमच्या गाडीची किल्ली द्या."

व्याह्यांनी ती दिली. ते स्वतःच्या मुलालाही ती गाडी चालवू देत नसत.

"थांब, मी पण येते," विहीणबाई म्हणाल्या. "इथे बसून काय करू? जॅककडे बघत बसलेली दोन माणसं बघत बसू?"

गाडी गेली. लोंबणारा जॅक किंचित करकरला आणि दोघेही एक पाऊल मागे सरले.

"बोटीवर असं झालं असतं ना—" व्याह्यांनी सुरुवात केली.

"तर काय केलं असतं?"

व्याह्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "क्रेन बोलावली असती."

चष्मेवाल्यांच्या आत कुठेतरी, इतक्या वर्षांच्या ‘अगदी’ आणि ‘बरोबर’च्या खाली दाबलेलं, काहीतरी सुटलं.

"व्याही, हा जॅक बसत नाही. आला त्याच दिवशी मला कळलं होतं."

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही दिलेला होता."

"मी दिला म्हणजे मी काय घडवला होता?" व्याह्यांचा आवाज चढला, मग तितक्याच वेगाने उतरला. डगल्याच्या बाहीने ते कपाळ पुसत राहिले. "दुकानदाराने मला विचारलं होतं, फळ्यांमधलं अंतर किती म्हणून. म्हटलं विचारून सांगतो. मग विचारलंच नाही."

"का?"

"भेट द्यायची आणि वर मापं मागायची? तुम्हाला काय वाटलं असतं? म्हणून मग त्याला म्हटलं, सगळ्यांना बसणारा दे."

"मला काहीही वाटलं नसतं. आणि तुम्ही विचारलं असतंत तरी मी काय सांगणार होतो? मी मोजलंच नव्हतं."

"नव्हतं? तुम्ही?"

"वाचत होतो."

व्याही खाली मान घालून हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला. चष्मेवाल्यांना राग यायला हवा होता. त्यांनाही हसू आलं. आणि एकदा तोंड उघडलंच आहे म्हणून ते म्हणाले, "आता सांगतोच. तुमची ती वादळाची गोष्ट. मी बऱ्याचदा ऐकलीय आणि दर खेपेला लाटा वाढतात."

"वाढतात," व्याह्यांनी कबूल केलं. "पण तुम्हीही काय कमी आहात? लग्नात दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ. दर तासाला कोकलतं. तुम्ही यायचे असलात की हिला फडताळातून काढून लावावं लागतं, तुम्ही गेलात की परत फडताळात."

"मला वाटलं तुम्हाला आवडलं. तुम्ही वा वा म्हणालात."

"वा वा नाही म्हणणार तर काय म्हणणार? व्याही ना तुम्ही."

यानंतर काम सोपं झालं, निदान बोलून करता येण्याएवढं. चष्मेवाले "तसं नको, टोक घसरेल" म्हणाले की व्याही ऐकत, आणि व्याही "तुम्हाला यातलं काही कळत नाही, हात काढा" म्हणाले की चष्मेवाले हात काढत. जॅकचा दाब सोडला. अंगणातले जुने टायर आणून लोंबणाऱ्या टोकाखाली रचले; ते कमी पडले तेव्हा दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या गाद्या आणल्या. लिफ्ट अगदी थोडी खाली घेतली, जॅक टायरांवर विसावला, मग त्याचे हात आत ढकलले आणि लिफ्ट पुन्हा वर केली. जॅक खाली टायरांवरच राहिला. टायर, गाद्या आणि तो, असं सगळं एकत्र ओढत भिंतीशी नेलं आणि मग गाडी खाली उतरवली. गाडीच्या पोटाखालच्या प्लास्टिकला एक चीर पडली होती, तेवढंच नुकसान.

बायका परतल्या तेव्हा विहीणबाईंचे केस ओले होते. कधी नाही ते त्या कंबरभर पाण्यात उतरल्या होत्या आणि त्याबद्दल बोलायचं थांबत नव्हत्या. बायकोने आपली गाडी जमिनीवर पाहिली, मग सोफ्याकडे पाहिलं, आणि आधी कशाबद्दल विचारावं याचा विचार करून पाणी प्यायला आत गेली.

जॅक निवडायचं काम नंतर एका दुपारीत झालं. वर्षभराच्या अभ्यासाचा त्यात काहीही उपयोग झाला नाही. चष्मेवाल्यांनी खरवडणीने पट्टीवरचा निळा रंग काढला आणि मॉडेल वाचलं. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं व्याह्यांनी. फळ्यांमधलं अंतर पुढे, मधे आणि मागे, तिन्ही ठिकाणी मोजलं. कडेची रुंदी आणि जाडी घेतली. दोन्ही गाड्यांच्या पुस्तकांतून पुढच्या बाजूचं वजन काढलं, कारण इंजिन तिकडे असतं. व्याह्यांनी एक गोष्ट मात्र अशी काढली की चष्मेवाल्यांना मान्य करावीच लागली: जुनी गाडी पोटाला ठेंगणी आहे, तेव्हा जॅक मिटलेला असताना फळ्यांच्या वर डोकं काढणारा नको, नाहीतर गाडी चढवतानाच ती त्याला घासणार.

भांडण झालं ते पंपावरून. व्याह्यांना हवेवर चालणारा पाहिजे होता. एक कळ दाबली की गाडी वर, दणके नकोत.

"त्याला कॉम्प्रेसर लागतो," चष्मेवाले म्हणाले. "ते धडधडणारं धूड कुठे ठेवू?"

"त्या भिंतीला."

"त्या भिंतीपलीकडे मी झोपते," बायको म्हणाली.

हाताच्या पंपावर एकमत झालं. विक्रेत्याला सगळे आकडे सांगितले. त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. आपल्या मालाची इतकी नेमकी मागणी त्याच्याकडे कधी आली नसावी. मग त्याने त्या मॉडेलला चालणाऱ्या दोन जॅकची नावं सांगितली, त्यातला एक कड अरुंद असल्यामुळे बाद झाला, आणि एक उरला. युनिव्हर्सल जॅक व्याह्यांनी अरुंद लिफ्ट असलेल्या एका गॅरेजवाल्याला विकला. देण्याआधी ते स्वतः टेप घेऊन त्याच्याकडे जाऊन आले, हे त्यांनी चष्मेवाल्यांना फोन करून मुद्दाम सांगितलं.

नवा जॅक आला त्या रविवारी लाल फीत नव्हती आणि कुणी वा वा म्हटलं नाही. तो कडेवर पूर्ण टेकला. एका बोटाने ढकलला तर कपाटाच्या खणासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. जुनी गाडी वर घेतली. व्याह्यांनी पंप मारला, चष्मेवाल्यांनी प्राण डोळ्यांत आणून जॅकच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आणि पुढची चाकं फळ्यांवरून सुटून स्वच्छ हवेत लोंबली. जॅकचा अडसर खटकन बसला. नट सोडायला मात्र दोघांना पान्यावर लटकावं लागलं. मग चाक निघालं. व्याह्यांनी ते उचलून भिंतीला टेकवलं आणि दोघे येऊन त्या उघड्या जागेसमोर उभे राहिले.

तिथे एक गंजलेली चकती होती. तिला एका जाड लोखंडी तुकड्याने चिमटीत धरलं होतं. एक रबरी नळी होती. एक स्प्रिंग होती, ती कशासाठी आहे हे तिच्याकडे पाहून काही कळत नव्हतं.

व्याह्यांनी ती स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली.

"तुम्ही ब्रेक आधी कधी उघडलेत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाही," व्याही म्हणाले. "बोटीला ब्रेक नसतात."

चष्मेवाल्यांनी खिशातून दुकानातलं जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि त्या लोखंडी तुकड्याच्या मागे डोकं घातलं.

"इथे मागच्या बाजूला दोन बोल्ट दिसतायत," ते आतून म्हणाले.

"मग तिथून सुरू करू," व्याही म्हणाले आणि बसायला टायर ओढून घेतला.